साखरेची गोळी आणि साखर-मिठाची पुडी

सरकारी आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीमागे माझी एकतीस वर्षं गेली. पाऊस लागला की जुलाबांवर द्यायच्या ओआरएसच्या, म्हणजे साखर-मिठाच्या, पुड्यांचा खोका डाव्या हाताला उघडाच ठेवायचा, कारण जुलैत तो रोज लागायचा. एका पुडीत २०.५ ग्रॅम पूड. त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. लिटरभर पाण्यात सगळी पुडी एकदम घालायची, अर्धी अर्धी करायची नाही, हे प्रत्येक आईला मी दोनदा सांगायचो. भिंतीपलीकडच्या खोलीत होमिओपॅथीचे डॉक्टर बसत. तिथून बाहेर येणाऱ्याच्या मुठीत एक छोटी कुपी असायची, साबुदाण्यापेक्षा बारीक पांढऱ्या गोळ्यांनी भरलेली. चार गोळ्या दिवसातून तीनदा, हात न लावता झाकणात काढून जिभेवर टाकायच्या.

पुडीतही साखर आणि कुपीतही साखर. पुडी कुठल्याही केंद्रात एक दिवसही संपू नये म्हणून मी आयुष्यभर वरच्या कचेरीशी भांडलो. कुपीवर मात्र सरकारने एक रुपयाही खर्च करू नये असं माझं मत आहे. त्याच वेळी त्या पलीकडच्या खोलीत रोग्याला जे मिळत होतं, ते सरकारने पूर्ण किंमत मोजून प्रत्येक केंद्रात आणावं असंही मला वाटतं. ही दोन मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मित्र म्हणतात. मला तसं वाटत नाही.

होमिओपॅथी सरकारी आरोग्यसेवेत कशी शिरली आणि तिथून कशी बाहेर पडली, हे समजून घ्यायला ब्रिटनकडे बघावं लागतं. १८४९ साली फ्रेडरिक क्विन या डॉक्टरने लंडनमध्ये होमिओपॅथीचं इस्पितळ काढलं. पाच वर्षांनी तिथल्याच सोहो भागात पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्यातून ही साथ पसरते हे दाखवणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट वैद्यक शिकणारा प्रत्येकजण वाचतो. त्याच साथीची ही दुसरी बाजू आहे. साथ जिथे पेटली तिथून जवळच गोल्डन स्क्वेअरमध्ये हे इस्पितळ होतं. तिथे पटकीचे ६१ रोगी दाखल झाले, त्यातले १० दगावले. शहरातल्या इतर इस्पितळांत निम्म्याच्या आसपास माणसं मरत होती. सरकारी आरोग्य मंडळाने साथीचा अहवाल काढला तेव्हा होमिओपॅथीचे आकडे गाळले. संसदेत विचारणा झाल्यावर ते बाहेर आले.

आकडे गाळले ही चूकच होती. नावडता आकडा लपवणाऱ्या माणसाला दुसऱ्याकडे पुरावा मागायचा अधिकार राहत नाही. पण त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा? त्या काळी पटकीच्या रोग्याच्या अंगातून रक्त काढत, त्याला पाऱ्याचं कॅलोमेल पाजत. ज्याच्या शरीरातलं पाणी आधीच आटून गेलंय, त्याचं रक्त काढायचं आणि वर जुलाब द्यायचे! क्विन यांच्या इस्पितळात रोग्याच्या वाट्याला हे काही आलं नाही. त्याला अंथरूण मिळालं, शुश्रूषा मिळाली आणि शरीराला स्वतःहून सावरायला अवसर मिळाला. तिथली माणसं वाचली ती जास्त करून उपचारांच्या माऱ्यातून सुटली म्हणून. होमिओपॅथीने जगभर नाव कमावलं ते याच काळात, आणि त्यात तिचं खरं पुण्य आहे: मोठमोठे वैद्य रोग्याला जखमी करत होते तेव्हा तिने इजा केली नाही.

पटकीवरचं उत्तर सापडायला त्यानंतर शंभरावर वर्षं जावी लागली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रम भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. छावणीतलं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आतड्यात ग्लुकोज शोषलं जाताना सोडियमला सोबत ओढतं आणि सोडियमच्या मागून पाणी येतं, एवढं साधं त्यामागचं कारण. आकडे छापले गेले, इतरांनी ते पडताळून पाहिले, दुसऱ्या देशांतही तसाच गुण आला. माझ्या खिडकीतली पुडी या वाटेने आली आहे. तिच्यातली साखर किती, ती काय करते आणि ती नसली तर काय होतं, हे सगळं कागदावर आहे.

कुपीतल्या साखरेचं काय? होमिओपॅथीत मूळ पदार्थाचा एक भाग नव्व्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलात मिसळून ठोके देतात. ही झाली एक पायरी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णव भागांत. कुपीवर ३० लिहिलेलं असतं ते अशा तीस पायऱ्यांचं. मी औषधं मोजणारा माणूस, म्हणून एकदा बसून हिशेब केला. मूळ अर्काचा एक थेंब बारा पायऱ्यांइतका पातळ करायचा तर चार-पाच अरबी समुद्रांएवढं पाणी लागेल. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा एखादा कण हाती लागण्याची शक्यताही संपत येते, आणि पुढे अजून अठरा पायऱ्या उरतात. मदर टिंक्चर, म्हणजे पातळ न केलेला मूळ अर्क, किंवा अगदी कमी पायऱ्यांच्या औषधात पदार्थ असतो, ती गोष्ट वेगळी. पण लोकांच्या खिशात ज्या कुप्या असतात त्यांतल्या बहुतेक ३० किंवा २०० पॉवरच्या, म्हणजे तितक्या पायऱ्यांच्या. होमिओपॅथीचे जनक, जर्मन डॉक्टर हानेमान यांनी आपला ग्रंथ १८१० साली लिहिला. रेणू मोजायची रीत तेव्हा कुणाकडेच नव्हती. त्यांना दोष द्यायचं कारण नाही. आज आपल्याकडे ती रीत आहे.

५ जुलै १९४८ ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा देशातली इस्पितळं घाऊक ताब्यात आली. त्यांत लंडन, ग्लासगो, लिव्हरपूल, ब्रिस्टल आणि टनब्रिज वेल्सची होमिओपॅथीची इस्पितळंही होती. खाटा होत्या, डॉक्टर होते, राजघराण्याचा लोभ होता. सगळं आहे तसं आत आलं. ही पद्धत चालते का, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही, आणि आत आलेल्या गोष्टीला तो नंतर विचारणं अवघड जातं. १८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्स इथे विमान कोसळून ११८ माणसं गेली. त्यांत लंडनच्या त्या इस्पितळातले सोळा जण होते. एका दिवसात एका संस्थेची माणसंच नाहीशी झाली. त्यानंतरही ते इस्पितळ चालू राहिलं, यावरून त्या लोकांची निष्ठा कळते. त्यांच्या निष्ठेबद्दल मला कधीच शंका नव्हती.

फेब्रुवारी २०१० मध्ये ब्रिटिश संसदेच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान समितीने पुरावा तपासून सांगितलं की होमिओपॅथीचा गुण प्लासिबोपलीकडे जात नाही, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या निव्वळ साखरेने जेवढं बरं वाटेल तेवढंच. तिच्यावरचा सरकारी खर्च थांबवावा, असंही समितीने सुचवलं. तेव्हाच्या सरकारने निर्णय स्थानिक यंत्रणांवर सोडला. त्याच वर्षी लंडनच्या इस्पितळाच्या नावातून होमिओपॅथी हा शब्द गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने डॉक्टरांना होमिओपॅथीची औषधं लिहून देऊ नका असं कळवलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या इस्पितळातही सरकारी पैशाने मिळणाऱ्या गोळ्या बंद झाल्या. जून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने याविरुद्धचा अर्ज फेटाळला. सरकारी सेवेत शिरल्यापासून तोवर सत्तर वर्षं झाली होती. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून होमिओपॅथीच्या औषधांच्या खर्चाची परतफेड थांबवली. स्वित्झर्लंडने उलट केलं; तिथे २००९ च्या जनमतात लोकांनी पर्यायी उपचारांच्या बाजूने कौल दिला आणि २०१७ पासून मूळ विम्यात होमिओपॅथीला कायमची जागा मिळाली. मतदानाने धोरण ठरतं, आणि ते तसं ठरायला हवं. गोळीत काय आहे हे मात्र मतदानाने ठरत नाही.

ब्रिटनच्या त्या समितीचा एक मुद्दा माझ्या मनात फार दिवस राहिला. प्लासिबोचा गुण यायचा तर रोग्याला ते खरं औषध वाटावं लागतं. म्हणजे सरकारी डॉक्टरने सरकारी कागदावर रोग्याला जे खरं नाही ते सांगायचं. खाजगी दवाखान्यात दोन माणसांमध्ये जे ठरतं त्यात मी पडत नाही. पण माझ्या खिडकीवर भारत सरकारची आणि गोवा सरकारची मुद्रा होती. त्या मुद्रेवर विश्वास ठेवून माणसं सत्तरी तालुक्याच्या आतल्या वाड्यांवरून बस बदलत येत.

या मुद्रेचं वजन किती असतं ते मी घरातच पाहिलं आहे. माझ्या एका चुलतभावाला मधुमेह. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. तो एका खाजगी होमिओपॅथी दवाखान्यात जाऊ लागला. चार महिने गोळ्या घेतल्या. त्या चार महिन्यांत त्याची साखर कुणी एकदाही तपासली नाही. शेवटी अंगठा कापावा लागला. मी रागावलो तेव्हा तो म्हणाला, "अरे, तुझ्याच केंद्रात त्यांची पाटी आहे ना? खोटं असतं तर सरकारने पाटी लावली असती?" मला उत्तर देता आलं नाही. मधुमेहाच्या गोळ्या देऊनही जखम चिघळलेली माणसं मी पाहिली आहेत, हे खरं. पण त्याच्या पाटीच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

आपल्याकडे ही पाटी आली कुठून? आपल्याच किनाऱ्यावर खाली मंगळूरला जर्मन जेझुइट पाद्री ऑगस्टस म्युलर यांनी १८८० साली कंकनाडीत गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना सुरू केला. बंगालमध्ये त्याआधीच १८६७ साली महेंद्रलाल सरकार यांनी भर सभेत होमिओपॅथीची बाजू घेतली होती. ज्यांच्यापर्यंत कुठलाच डॉक्टर पोचत नव्हता त्यांच्यापर्यंत ही माणसं पोचली. त्या काळच्या भारतात ती मोठी गोष्ट होती. पुढे होमिओपॅथीसाठी १९७३ चा केंद्रीय कायदा आला, १९७८ मध्ये संशोधन परिषद आली, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आयुषच्या, म्हणजे आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा पद्धतींच्या, डॉक्टरांना आरोग्य केंद्रांच्या छपराखाली आणायचं ठरलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय झालं आणि त्याचा पहिला स्वतंत्र कार्यभार आपल्या उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांच्याकडे आला. गोव्याला त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण १९४८ मध्ये लंडनमध्ये झालं तेच आपल्याकडेही झालं. इमारत, पदं, कायदा, परिषद यांची रांग लागली आणि गोळी चालते का हा प्रश्न रांगेच्या शेवटीसुद्धा उभा राहिला नाही.

२०२० साली हे उघड दिसलं. भारतात कोविडचा पहिला रोगी सापडला ३० जानेवारीला. त्याच्या आदल्या दिवशी आयुष मंत्रालयाने प्रतिबंधासाठी आर्सेनिकम आल्बम ३० ही होमिओपॅथीची गोळी सुचवून टाकली होती. रोग जगालाच नवा होता. त्यावर या गोळीची चाचणी झालेली असणं शक्यच नव्हतं. तरी देशभर कुप्या वाटल्या गेल्या. आमच्या घरी महाराष्ट्रातल्या पाहुण्यांनी एक पाठवली, देवघराजवळ ती दोन वर्षं पडून होती.

आता अॅलोपॅथीवाल्यांनी छाती फुगवू नये. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, आपल्याच राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तेव्हाही वेगळा होता. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांत या गोळीचा उपयोग दिसला नाही. आयव्हरमेक्टिनमध्ये औषध आहे, जंतांवर आणि खरजेवर ते उत्तम आहे; पण ज्यासाठी द्यायचं ठरलं होतं त्यासाठी त्याचा पुरावा नव्हता. सरकारी पैशाला एकच फूटपट्टी लावावी. पॅथीचं नाव कुठलंही असो, देशी असो की जर्मन, गोळी ज्या आजारासाठी द्यायची त्या आजारात ती साखरेपेक्षा सरस ठरली पाहिजे.

आणि आता त्या पलीकडच्या खोलीबद्दल. माझी मावशी डिचोलीजवळ एकटी राहते, मुलगा बोटीवर. तिचे गुडघे दुखत. ओपीडीत तिला दीड मिनिट मिळायचं: कुठे दुखतं, ही गोळी घ्या, पुढचा. त्यात डॉक्टरचाही दोष नाही, बाहेर नव्वद माणसं उभी असायची. होमिओपॅथीच्या खोलीत तिला पहिल्या दिवशी पाऊण तास मिळाला. झोप कशी लागते, पावसात वाढतं का, गरम आवडतं की गार, रात्री कसली भीती वाटते का, मुलाचा फोन कधी येतो. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "त्याने मला पंख्याखाली बसवलं रे. सगळं ऐकलं." दोन आठवड्यांत दुखणं कमी झालं. मी ते नाकारत नाही. गुडघेदुखी चढते-उतरते, माणूस सगळ्यात जास्त दुखतं तेव्हाच डॉक्टरकडे जातो आणि त्यानंतर बहुधा उतारच असतो. हे एक कारण झालं. पण पंख्याखालच्या त्या पाऊण तासाचाही त्यात वाटा होता, अशी माझी खात्री आहे.

हे गोव्याच्या माणसाला नवीन वाटू नये. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारिया यांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ पासून उभा. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री हानेमान यांच्याहून एका वर्षाने लहान. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करताना त्याची बोबडी वळली, तेव्हा खाली बसलेल्या बापाने कोंकणीत "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" (समोरच्यांना भाजीपाला समज आणि काप) असं पुटपुटून त्याला मोकळं केलं, ही आख्यायिका आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. पुढे पॅरिसमध्ये हा माणूस लोकांना संमोहित करू लागला. तेव्हाचा समज असा, की मेस्मर नावाचे डॉक्टर म्हणतात तसा काही अदृश्य द्रव संमोहित करणाऱ्याच्या हातातून रोग्याच्या अंगात शिरतो. फ्रेंच राजाने १७८४ साली नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, लोकांचे डोळे बांधून तो द्रव तपासला आणि तसं काही नाही, ही कल्पनेची किमया आहे असं सांगितलं. फारियांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. कल्पनेची किमया म्हणून त्यांनी ती टाकून दिली नाही. माझ्या हातातून काही जात नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात घडतं, आणि माझ्या शब्दांनी ते जागं होतं, असं ते म्हणाले. त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये निघाला, त्याच वर्षी ते पॅरिसमध्येच वारले. हानेमान मात्र आपल्या ग्रंथात मेस्मरच्या त्या शक्तीचे गुण गात राहिले.

पुतळ्यात फारियांचे दोन्ही हात पुढे पसरलेले आहेत आणि ते रिकामे आहेत. नोकरीत असताना पणजीला काम निघालं की मी त्या पुतळ्यापाशी घटकाभर थांबायचो. मावशीला जे मिळालं ते या रिकाम्या हातांतून मिळालं. मग त्यासाठी कुपी कशाला, आणि कुपीत काही आहे असं तिला सांगणं कशाला?

गोव्यात म्हातारी माणसं खूप. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर होतं, केरळनंतर देशात सगळ्यात जास्त. मुलं बोटीवर, आखातात, पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडात. या माणसांना रक्तदाबाची गोळी मिळते; ती कशासाठी, ती थांबवली तर काय होईल, हे शांतपणे सांगणारं कुणी मिळत नाही. म्हणून गोळ्या अर्ध्यावर सुटतात. माझ्या खिडकीवर महिन्याच्या तीस गोळ्या घेऊन जाणारी कित्येक माणसं पुढची खेप दीड-दोन महिन्यांनी न्यायला येत. आकडा जुळत नसे, आणि विचारायला मला वेळ नसे.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांना घरी बसवा असं मी म्हणत नाही. साडेपाच वर्षं शिकलेली ही मुलं. शरीररचना आणि रोगनिदान त्यांनीही अभ्यासलेलं असतं, आणि ऐकायची सवय त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नसते. कुप्यांची खरेदी थांबवा आणि माणसं ठेवा. त्यांना रीतसर प्रशिक्षण देऊन मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि शेवटच्या आजारातली माणसं त्यांच्यावर सोपवा, मुख्य डॉक्टरच्या देखरेखीखाली. खोली तीच, खुर्ची तीच, पंखाही तोच. कागदावर मात्र लिहायचं ते खरं लिहायचं.

सुरुवात सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या केंद्रापासून करावी. साठीपुढच्या प्रत्येक रोग्याला दर महिन्याला पंधरा मिनिटं, आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका केंद्रात आहे तसंच चालू द्यावं. सहा महिन्यांनी दोन्हीकडचे रक्तदाब बघावेत, किती जणांच्या गोळ्या वेळेवर संपल्या ते खिडकीच्या वहीतून मोजावं. फरक दिसला नाही तर माझी ही योजनाही बंद करावी आणि ते आकडे छापावेत.